'पारंपरिक' हा संदर्भ नसतो : एका फिडल-धुनेची उलटतपासणी



सिनॉप्सिस लिहिताना सगळ्यात सोपं वाक्य कुठलं असतं? "पूर्वापार असे मानले जाते की..." यापुढे काहीही लिहा, सहसा कोणी संदर्भ मागत नाही. 'पारंपरिक', 'प्रचलित', 'सर्वश्रुत' हे शब्दही त्याच जातकुळीतले. वाचताना ते माहितीसारखे वाटतात. खरं तर पुष्कळदा तिथे माहिती नाही एवढंच ते सांगत असतात.

असा शब्द नेमकं काय झाकतो, हे आज एका उदाहरणावरून बघू. उदाहरण माझ्या प्रयोगशाळेतलं नाही, संगीताच्या इतिहासातलं आहे. ते मुद्दाम निवडलंय. आपल्या विषयात आपण इतके रुळलेले असतो की पुराव्यातली भोकं दिसत नाहीत. परक्या विषयात ती चटकन दिसतात.

धुनेचं नाव आहे 'बोनापार्ट्स रिट्रीट', म्हणजे बोनापार्टची माघार. ही अमेरिकेतल्या फिडलवादकांची धून. फिडल हे वेगळं वाद्य नाही, आपलं नेहमीचं व्हायोलिनच. फरक वाजवण्याच्या रीतीत आहे. मैफलीत बसून ऐकायचं ते व्हायोलिन आणि नाचाच्या अंगणात वाजतं ते फिडल, असं ढोबळमानाने समजा. या धुनेसाठी अनेक वादक तारा वेगळ्या जुळवतात. नेहमीच्या जी-डी-ए-ई ऐवजी डी-डी-ए-डी. डी हा सा धरला तर मंद्र सा, मध्य सा, प आणि तार सा झाला. त्यामुळे धून चालू असताना मोकळ्या तारा तानपुऱ्यासारख्या घुमत राहतात. हे भरीव, घुमणारं वादन ही या धुनेची ओळख आहे.

तुम्ही नाव ऐकलं नसलं तरी धून कानावर पडलेली असण्याची बरीच शक्यता आहे. अमेरिकन संगीतकार ॲरन कोपलंड यांच्या 'रोडिओ' या बॅलेतला 'हो-डाउन' हा शेवटचा भाग याच धुनेवर उभा आहे. १९७२ मध्ये इमर्सन, लेक अँड पामर या इंग्लिश रॉक बँडने तो आपल्या 'ट्रिलॉजी' अल्बममध्ये घेतला. १९९२ पासून अमेरिकेत गोमांसाच्या जाहिरातींमधून तो घरोघरी पोचला.

आता या धुनेबद्दल सर्रास भेटणारं विधान घ्या. त्याचा आशय साधारण असा असतो : 'हो-डाउन' हे नेपोलियनच्या काळापासून चालत आलेल्या एका पारंपरिक अमेरिकन लोकधुनेवर आधारलेलं आहे.

विधान एक, पण त्यात दावे तीन आहेत. धून नेपोलियनच्या काळातली आहे, हा पहिला. ती पिढ्यान्पिढ्या हस्तांतरित होत आली, हा दुसरा. कोपलंडने ती 'परंपरेतून' घेतली, हा तिसरा. तिन्ही दाव्यांना लागणारा पुरावा वेगवेगळा आहे. साहित्याचा आढावा लिहिताना पहिलं काम हेच करायचं असतं. जोडवाक्य फोडायचं आणि प्रत्येक तुकड्यापुढे लिहायचं : हे कशावरून?

दावा पहिला : नावावरून वय

नाव 'बोनापार्टची माघार' आहे, म्हणून धून त्या काळातली. हा तर्क वरवर ठीक वाटतो. नेपोलियनने १८१२ च्या ऑक्टोबरात मॉस्को सोडलं आणि त्याच्या सैन्याची वाताहत झाली. १८१५ मध्ये वॉटर्लू झालं. मग धून त्याच सुमाराची असणार, नाही का?

जरा थांबा. फिडलवादकांच्या भांडारात बोनापार्टच्या नावाच्या अनेक धुना आहेत. एक आहे 'बोनापार्ट ऱ्हाइन ओलांडतो', दुसरी 'बोनापार्ट आल्प्स ओलांडतो'. आणि एक आहे चक्क 'बोनापार्ट रॉकी पर्वत ओलांडतो'. नेपोलियनने अमेरिकेत कधी पाऊल ठेवलं नाही. म्हणजे या धुनांची नावं घटनेची नोंद म्हणून टिकलेली नाहीत. बोनापार्ट हे नाव हवेत होतं, लोकांना प्रिय होतं, म्हणून ते चालींना चिकटत गेलं.

प्रिय का होतं, यालाही इतिहास आहे. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठू पाहणाऱ्या आयर्लंडला फ्रान्सकडून आशा होती. १७९८ च्या उठावात फ्रेंच तुकडी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलीही होती. पुढे आयरिश गाण्यांमधून बोनापार्ट हा येऊ न शकलेला तारणहार झाला. आयरिश आणि स्कॉटिश वंशाची माणसं अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांत जाऊन वसली, तेव्हा चालींबरोबर नावंही गेली. नावाला अर्थ आहे, पण तो लोकांच्या आशेचा आणि आठवणीचा अर्थ आहे. धुनेच्या जन्माचा दाखला म्हणून तो चालत नाही.

दुसरी अडचण 'रिट्रीट' या शब्दाची. आपल्याला २९ जानेवारीचा 'बीटिंग रिट्रीट' माहीत आहे. तिथे कोणी हरून पळत नसतं. सैनिकी भाषेत सूर्यास्ताच्या वेळी दिवसाचं काम थांबवण्याचा जो इशारा वाजतो, त्याला रिट्रीट म्हणतात. स्कॉटिश बॅगपाइपवादकांकडे 'रिट्रीट मार्च' असा प्रकारही आहे. आपल्या धुनेच्या नावात हाच अर्थ आहे, असा माझा दावा नाही. मुद्दा एवढाच की ज्या शब्दाचे दोन अर्थ संभवतात, त्यातल्या एका अर्थावरून थेट १८१२ गाठता येत नाही.

मग खात्रीने काय म्हणता येतं? ए. ए. ग्रे या जॉर्जियातल्या फिडलवादकाने १९२४ मध्ये ही धून ओके कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केली. म्हणजे १९२४ पूर्वी ती होती, हे पक्कं. किती पूर्वी, ते या तबकडीवरून कळत नाही. जीवाश्मांचं तसंच असतं. सगळ्यात जुना सापडलेला जीवाश्म ही प्रजातीची जन्मतारीख नसते. 'निदान तेव्हापासून' एवढंच तो सांगतो. प्रबंधात 'सर्वात जुनी नोंद' आणि 'उगम' हे शब्द अदलाबदलीने वापरलेले दिसले, तर पेन्सिलीने खूण करा.

दावा दुसरा : वंशावळ

नाव बाजूला ठेवू आणि स्वरांकडे बघू. 'द ईगल्स व्हिसल' या जुन्या आयरिश चालीशी आपल्या धुनेचं साम्य अभ्यासकांनी दाखवलं आहे. ती चाल कूच करताना वाजवायची मानली जाते. इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे कान टवकारायला हवेत. साम्य दिसलं म्हणजे नातं सिद्ध झालं का?

हा प्रश्न जीवशास्त्रात आपण रोज हाताळतो. वटवाघळाचा पंख आणि पक्ष्याचा पंख, दोघं उडतात, पण उडण्याचा वारसा त्यांना एका पूर्वजाकडून आलेला नाही. चालींचंही असं होऊ शकतं. स्वर मोजके, चाल लहान, ताल नाचाचा किंवा चालण्याचा. एवढ्या बंधनांत दोन अनोळखी माणसं सारख्या चालीपर्यंत स्वतंत्रपणे पोचू शकतात.

लोकसंगीताच्या अभ्यासकांना ही अडचण फार पूर्वी दिसली होती. सेसिल शार्प यांनी १९०७ मधल्या 'इंग्लिश फोक-साँग : सम कन्क्लुजन्स' या पुस्तकात लोकगीतांच्या वाटचालीचे तीन घटक सांगितले : सातत्य, बदल आणि निवड. हे शब्द डार्विनच्या घरचे आहेत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. १९५० मध्ये सॅम्युअल बेयार्ड यांनी 'चालींचं कुटुंब' ही कल्पना मांडली. एका मूळ चालीपासून बदलत बदलत फुटलेल्या चालींचा गट, अशी ती कल्पना. आणि २०२२ मध्ये पॅट्रिक सॅव्हेज आणि सहकाऱ्यांनी 'करंट बायॉलॉजी'त एक पेपर प्रसिद्ध केला. त्यांनी इंग्रजी आणि जपानी मिळून १०,०६२ लोकचालींचे स्वर प्रथिनांच्या क्रमासारखे एकाखाली एक मांडून तपासले. चालीत महत्त्वाचं काम करणारे स्वर कमी बदलतात आणि एका स्वराच्या जागी दुसरा आला तर तो बहुधा शेजारचाच असतो, असं त्यांना आढळलं.

हा पेपर मला आवडतो, कारण तो 'कानाला सारखं वाटतं' याच्या पुढे जाऊन मोजमाप देतो. पण त्याची मर्यादाही समजून घ्या. शेकडो जोड्यांमध्ये बदल कसे होतात, याचा कल तो सांगतो. एका विशिष्ट जोडीत कोण कोणापासून आलं, ते त्यातून आपोआप निघत नाही. सरासरीवरून एका नमुन्याचा न्याय करता येत नाही, हे आपण संख्याशास्त्रात शिकतोच. शिवाय साम्याला दिशा नसते. अ हा ब सारखा आहे, म्हणजे ब हा अ सारखा आहे. कोण आधीचं, हे ठरवायला बाहेरचा पुरावा लागतो.

म्हणून दुसऱ्या दाव्याबद्दल माझं मत असं : ही धून आयरिश-स्कॉटिश चालींच्या मोठ्या कुटुंबातली आहे, हे पटण्यासारखं आहे. 'ईगल्स व्हिसल' हाच तिचा बाप, हे अजून गृहीतक आहे. चांगलं गृहीतक आहे, पण गृहीतकच.

दावा तिसरा : 'परंपरेतून घेतली'

इथे मात्र चित्र एकदम बदलतं. पहिल्या दोन दाव्यांत आपण धुक्यात होतो. तिसऱ्यात तारखा, नावं आणि कागद आहेत. आणि गंमत म्हणजे नेमकी हीच नावं 'पारंपरिक' या शब्दाखाली गाडली गेली.

१९३७ च्या शरद ऋतूत ॲलन लोमॅक्स आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ हे लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी पूर्व केंटकीत लोकसंगीत ध्वनिमुद्रित करत फिरत होते. ॲलनचं वय तेव्हा २२. २६ ऑक्टोबर १९३७ रोजी सॅलियर्सव्हिल या गावात त्यांनी विल्यम हॅमिल्टन स्टेप या फिडलवादकाचं वादन तबकडीवर घेतलं. स्टेप यांचा जन्म १८७५ चा, म्हणजे साठी ओलांडलेला माणूस. त्यांनी वाजवलेल्या धुनांमध्ये एक होती 'बोनापार्ट्स रिट्रीट'.

ही तबकडी ग्रंथालयात गेली. तिथून तिचा पुढचा प्रवास एका बाईंच्या कानातून झाला. रूथ क्रॉफर्ड सीगर. त्या स्वतः आधुनिक संगीताच्या मोठ्या रचनाकार होत्या. संगीतरचनेसाठी गुगेनहाइम फेलोशिप मिळालेली पहिली स्त्री त्याच, १९३० मध्ये. लोमॅक्स पिता-पुत्रांच्या 'अवर सिंगिंग कंट्री' या १९४१ च्या संग्रहासाठी ध्वनिमुद्रणांवरून स्वरलेखन करायचं काम त्यांच्याकडे होतं. स्टेप यांचं वादन त्यांनी तबकडीवरून पुन्हापुन्हा ऐकून कागदावर उतरवलं.

पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १९४२ रोजी, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये 'रोडिओ'चा पहिला प्रयोग झाला. नृत्यरचना ॲग्नेस डी मिल यांची, संगीत कोपलंड यांचं. 'हो-डाउन'ची मुख्य धून त्यांनी या छापील स्वरलेखनावरून जवळजवळ स्वरास स्वर उचललेली आहे.

आता संशयवाद्याची भूमिका घ्या. कशावरून? धून परंपरेत होतीच, कोपलंडने ती दुसरीकडे कुठे ऐकली नसेल कशावरून?

उत्तर तपशिलात आहे. संगीतकार-संशोधक स्टीफन वेड यांनी २०१२ च्या 'द ब्यूटिफुल म्युझिक ऑल अराउंड अस' या पुस्तकात स्टेप यांच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. त्यांचा मुद्दा असा : इतर वादक ही धून बहुधा कूच करण्याच्या संथ चालीत वाजवतात. स्टेप यांनी ती भन्नाट वेगाच्या नाचाच्या चालीत वाजवली. कोपलंडकडे आहे ती संथ कूच नाही. त्याच्याकडे नेमका स्टेपचा वेग, स्टेपचं वळण आणि सीगरबाईंनी लिहिलेले स्वर आहेत.

हस्तलिखितांच्या अभ्यासात हेच तत्त्व वापरतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना पोथ्यांची कुळं ठरवली गेली, ती त्यांच्यातल्या समान पाठभेदांवरून. सगळ्यांत जे सारखं असतं ते नातं सांगायला फारसं उपयोगी नसतं. दोघांतच जे वेगळेपण सारखं असतं, ते बोलकं असतं. प्रयोगशाळेत एका नमुन्याचं दुसऱ्यात मिश्रण झालंय का, हे शोधतानाही आपण हेच बघतो.

म्हणून तिसरा दावा जसा केला जातो तसा अपुरा आहे. त्याची जागा घेणारं वाक्य असं हवं : कोपलंडची धून ही विल्यम स्टेप यांच्या २६ ऑक्टोबर १९३७ च्या वादनावरून, रूथ क्रॉफर्ड सीगर यांच्या स्वरलेखनामार्फत आलेली आहे. वाक्य लांब झालं, पण प्रत्येक शब्द तपासता येतो.

पण मग श्रेय कोणाचं?

इथे एक मोह होतो. 'पारंपरिक' हा शब्द खोडायचा आणि त्या जागी एका उपेक्षित कलावंताचं नाव मोठ्या अक्षरात लिहायचं. मग गोष्ट तयार : गरीब वादकाची धून मोठ्या संगीतकाराने चोरली. गोष्ट छान आहे, शेअरही भरपूर होईल. पण तिलाही आपण तेच प्रश्न विचारले पाहिजेत.

'स्टेप यांनी संथ धून वेगवान केली' हे वाक्य बघा. आपल्याला माहीत काय आहे? उपलब्ध ध्वनिमुद्रणांत वेगवान रूप स्टेप यांच्याकडे सापडतं. ते त्यांनी स्वतः घडवलं, की एखाद्या शेजाऱ्याकडून घेतलं? डोंगरातल्या प्रत्येक वादकाच्या दारात लोमॅक्सचं यंत्र गेलं नव्हतं. ज्यांचं ध्वनिमुद्रण झालं तेवढेच आपल्या नमुन्यात आहेत. 'स्टेप यांच्याकडे बदललेलं सापडलं' आणि 'स्टेप यांनी बदललं' या दोन वाक्यांमधली दरी म्हणजेच नमुनानिवडीचा प्रश्न. वेड यांच्या पुस्तकाचं मोल मोठं आहे. कलावंतांच्या घरच्यांना भेटून त्यांनी तबकडीवरच्या नावांना माणसं बनवलं. पण एका माणसाचं चरित्र लिहिताना तो माणूस कथेचा नायक होत जातो, आणि नायकाला शोधाचं श्रेय देण्याकडे वाचकाचा कल होतो. वाचताना हा उतार ओळखता आला पाहिजे.

कोपलंडबद्दलही न्याय करू. छापील संग्रहातली लोकधून घेऊन रचना करणं त्या काळी रूढ होतं. लोमॅक्स यांना ही गाणी लोकांपर्यंत पुन्हा पोचावीत असं वाटतच होतं. शिवाय वाद्यवृंदाची मांडणी, सुरुवातीला वाद्यं जुळवत असल्याचा आभास, अधूनमधून अडखळणारी लय, हे सगळं कोपलंडचं आहे. आक्षेप त्यांनी धून घेतली याला नाही. घेतल्यावर वाटेतल्या दोन माणसांची नावं पुढच्या प्रवासात गळून पडली, याला आहे. प्रत्येक टप्प्यावर संदर्भ फक्त एक पायरी मागचा दिला गेला. रॉक बँडने कोपलंडचं नाव दिलं. कोपलंडच्या मागे 'लोकधून' एवढंच उरलं. आपण पेपरात मूळ स्रोत न बघता परीक्षण-लेखाचा संदर्भ देतो, तेव्हा नेमकं हेच घडतं.

दुसऱ्या बाजूला बघा. पी वी किंग यांनी याच नावाच्या धुनेला शब्द जोडून गाणं केलं आणि १९५० मध्ये के स्टार यांच्या आवाजात ते गाजलं. तिथे कर्ता म्हणून किंग यांचं नाव आहे. म्हणजे एकाच धुनेच्या एका फांदीला नाव मिळालं आणि दुसरीला 'पारंपरिक' हे लेबल. फरक कोणी जास्त निर्मिती केली यापेक्षा नोंदणीच्या व्यवस्थेपर्यंत कोण पोचलं, यावर अवलंबून होता.

आणखी एक बारीक गोष्ट. जुन्या प्रकाशनांत स्टेप यांचं नाव 'डब्ल्यू. एम. स्टेप' असंही छापलेलं आढळतं. त्यांचं नाव विल्यम हॅमिल्टन, म्हणजे आद्याक्षरं डब्ल्यू. एच. तुम्ही फक्त एका रूपाने शोधलंत तर अर्धी सामग्री हाती लागणार नाही. डेटाबेसमध्ये शोध घेताना नावाची सगळी रूपं टाका, असं गाईड सांगतात ते उगाच नाही.

हरवलेलं 'मटेरियल्स अँड मेथड्स'

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. सीगरबाईंनी स्वरलेखनाच्या पद्धतीवर एक मोठा निबंध लिहिला होता. तबकडीवरचा आवाज कागदावर आणताना काय ठेवायचं, काय सोडायचं, गायकाने स्वर किंचित उतरता लावला तर तो चूक म्हणायचा की शैली, अशा प्रश्नांचा विचार त्यात होता. म्हणजे आपल्या भाषेत ते प्रबंधाचं पद्धतीचं प्रकरण. हा निबंध संग्रहात आला नाही. तो पुस्तकरूपाने छापला गेला २००१ मध्ये, 'द म्युझिक ऑफ अमेरिकन फोक साँग' या नावाने. सीगरबाई १९५३ मध्येच वारल्या होत्या.

परिणाम काय झाला? वाचकांच्या हातात साठ वर्षं निष्कर्ष होते, पद्धत नव्हती. छापील स्वर बघून कोणालाही वाटेल की हीच धून. पण कागदावरची धून म्हणजे एका माणसाच्या एका दिवशीच्या वादनाचं, दुसऱ्या माणसाने विचारपूर्वक केलेलं वाचन होतं. त्यांचे पती, संगीतशास्त्रज्ञ चार्ल्स सीगर यांनी १९५८ मध्ये एक भेद मांडला. एक लेखन 'असं वाजवा' सांगणारं, आणि दुसरं 'असं वाजलं' सांगणारं. रूथ यांचं लेखन दुसऱ्या प्रकारचं होतं. कोपलंडच्या हातात ते पहिल्या प्रकारचं झालं. त्या दिवशी जे वाजलं, ते आता जगभरच्या वाद्यवृंदांना वाजवायचं होतं.

आपल्याकडेही असं होतं. कोणाच्या तरी नोंदवहीतलं एका दिवसाचं निरीक्षण पुढच्या तुकडीसाठी 'स्टँडर्ड प्रोटोकॉल' बनतं. का ते कोणी विचारत नाही, कारण कारण लिहिलेलं पान कुठेतरी राहून गेलेलं असतं.

तुमच्या प्रपोजलसाठी

आता थेट कामाचं. साहित्याचा आढावा लिहून झाला की त्यात 'पारंपरिक', 'प्रचलित', 'सर्वमान्य', 'असे म्हटले जाते' हे शब्द शोधा. प्रत्येक ठिकाणी पुढचे प्रश्न विचारा :

१. हा एक दावा आहे की दोन-तीन दावे एकत्र चिकटलेत?

२. सर्वात जुनी नोंद कोणती? आणि मी तिला उगम तर म्हणत नाहीये ना?

३. साम्यावरून नातं सांगत असेन, तर समान वेगळेपणा कुठे आहे? दिशा कशावरून ठरवली?

४. मधल्या पायऱ्यांवर कोणती माणसं आहेत? माहिती देणारे, मोजणारे, उतरवून घेणारे?

५. माझा नमुना कोणी निवडला? जे त्यात नाहीत ते का नाहीत?

चौथा प्रश्न कृपा करून टाळू नका. मुलाखती देणारी माणसं, क्षेत्रात सोबत फिरलेला सहायक, यंत्र चालवणारे तंत्रज्ञ, ही आपल्या संशोधनातली स्टेप आणि सीगर मंडळी आहेत. 'स्थानिक लोकांच्या मते' असं लिहिणं सोपं असतं. पण परवानगी घेऊन, गरज असेल तिथे गोपनीयता पाळून, कोणी, कुठे, कधी सांगितलं हे नोंदवणं हा पद्धतीचाच भाग आहे. हे शक्य आहे याचा दाखला आपल्या घरचाच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणाऱ्या बायांची आणि गावांची नावं नोंदवली. 'पारंपरिक ओवी' एवढं लिहून भागलं असतं. त्यांनी भागवलं नाही. म्हणून आज त्या ओव्यांवर नवे प्रश्न घेऊन परत जाता येतं.

स्टेप यांच्या १९३७ च्या ध्वनिमुद्रणाचा लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २०१५ च्या यादीत समावेश केला. 'हो-डाउन' गाजायला लागल्याला तेव्हा सत्तरहून जास्त वर्षं झाली होती आणि स्टेप यांना जाऊन अठ्ठावन्न. हे जमलं ते तबकडीवर तारीख, गाव आणि वादकाचं नाव नोंदलेलं होतं म्हणून. चार शब्दांचं ते लेबल नसतं तर वेड काय, आणखी कोणी काय, शोध सुरूच करू शकलं नसतं.

तर आजचा गृहपाठ : आधी स्टेप यांचं वादन ऐका, मग 'हो-डाउन', मग एखाद्या जुन्या वादकाची संथ 'बोनापार्ट्स रिट्रीट'. ऐकताना तीन रकाने करा. तिन्हींत सारखं काय, फक्त दोघांत सारखं काय, आणि एकट्यात काय. मग बघा, मधल्या रकान्यात काय उतरतं. पुढच्या वेळी पेपर वाचताना असाच मधला रकाना शोधायची सवय लावा. व्हायवाला बाहेरचे परीक्षक बहुधा तिथेच बोट ठेवतात.